दोन हजारांत साधं घड्याळ घ्यायचंय? मग आधी झाकण वाचा

परवा भाच्याचा मेसेज आला, मावशी बारावीच्या पेपरला घड्याळ हवंय, स्मार्टवॉच हॉलमध्ये नेऊ देत नाहीत, बजेट दोन हजार, आणि प्लीज ते खडेबिडे, तीन-तीन छोट्या डायल असलं काही नको, एकदम सिंपल. मी त्याला व्हॉट्सॲपवर एवढं टाइप केलं की तो म्हणाला मावशी निबंध झाला हा. म्हटलं ठीके, मग निबंधच लिहून टाकते, अजून चार जणांच्या कामाला येईल.

पहिलं म्हणजे महाग घड्याळ वेळ जास्त बरोबर दाखवतं हे डोक्यातून काढा, या रेंजमधल्या क्वार्ट्झमध्ये, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळांमध्ये, तसं नसतं. आत एक सेल, एक सर्किट, आणि चिमट्यासारखा दोन पायांचा क्वार्ट्झचा इवलासा तुकडा. त्याला वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा असा विचित्र का, तर त्याला पंधरा वेळा दोनने भागलं की बरोबर १ येतो, सर्किट तेवढंच करत बसतं आणि दर सेकंदाला आतल्या मोटरला एक टिचकी मारतं, म्हणून काटा टकटक उड्या मारत जातो. सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, ॲस्ट्रॉन, डिसेंबर १९६९ मध्ये विकायला काढलं तेव्हा त्या पैशात जपानमध्ये छोटी गाडी आली असती. आज तेच तंत्र हजार रुपयांत मिळतं आणि महिन्याला फार तर वीसेक सेकंद इकडेतिकडे होतात. आमच्या बाबांचं चावीचं एचएमटी सोना होतं, दाढी झाली की रोज चावी द्यायची आणि रेडिओच्या बातम्यांना मिळवायचं, तरी ते दिवसाला अर्धा मिनिट खायचंच. (दिसायला मात्र त्या सोनाच्या तोडीचं साधं घड्याळ आजही शोधावं लागतं, मिनिमलिस्ट वगैरे शब्द आपल्याकडे नंतर आले.)

आणि खूप ब्रँड आतलं मशीन स्वतः बनवतच नाहीत. डायलवर सहाच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'जपान मूव्हट' लिहिलेलं दिसेल, म्हणजे मशीन जपानी कंपनीचं, घड्याळ जोडलं कुठे तो वेगळा विषय. सिटिझनच्या मियोटाचं २०३५ नावाचं एक मशीन आहे, ते हजार-दीड हजाराच्या घड्याळातही सापडतं आणि इन्स्टावर कॉफीच्या कपाशेजारी ठेवलेल्या कितीतरी महाग फॅशन घड्याळातही सापडतं. तेव्हा जास्तीचे पैसे मागितले की विचारायचं, हे कशाचे? केस (म्हणजे घड्याळाची बाहेरची बॉडी), काच, पट्टा, फिनिशिंग यासाठी असतील तर ठीक, नुसत्या नावाचे असतील तर राहू दे.

आता झाकण. मी स्वतः इथेच आपटलेय म्हणून सांगते. ऑनलाइन एक रोझ गोल्ड घेतलं होतं, पांढरी डायल, पातळ काटे, पंच्याहत्तर टक्के ऑफ, फोटोत इतकं सुंदर की रात्री साडेअकराला ऑर्डर करून मोकळी झाले. मागे लिहिलं होतं 'स्टेनलेस स्टील बॅक', मी स्टेनलेस स्टील वाचून खूश आणि तो 'बॅक' शब्द गिळून टाकला. त्याचा अर्थ अगदी सरळ आहे हो, स्टील फक्त मागच्या झाकणाला, बाकीची केस पितळ नाहीतर कुठल्यातरी मिश्रधातूची आणि वर मुलामा. मी डोंबिवलीवरून रोज लोकलने जाणारी, घाम काय कमी येतो? एका पावसाळ्यात पट्टा जिथे केसला मिळतो त्या कोपऱ्यावरचा मुलामा उडाला, खालून पिवळट धातू दिसायला लागला आणि मनगटावर हिरवट-काळा डाग, वर खाज. तेव्हापासून मी घड्याळ हातात घेतलं की आधी उलटं करते. 'ऑल स्टेनलेस स्टील' असेल तर उत्तम. नुसतं 'स्टेनलेस स्टील बॅक', किंवा 'बेस मेटल' असं कुठे असेल तर समजून जायचं. आणि बजेट हजाराचंच असेल तर मुलाम्यापेक्षा सरळ प्लास्टिकची केस घ्या, तिचं काही उडत नाही की हिरवं होत नाही.

मग डायल, आणि इथे घाई करू नका. भरगच्च डायलवर बारीकसारीक चुका खपून जातात, साध्या डायलवर काही लपत नाही. दुकानात असाल तर काका वैतागले तरी चालेल, चावी ओढून काटे बाराला आणा, तास काटा आणि मिनिट काटा एकावर एक बसले पाहिजेत. मग सहाला आणा, सरळ एक रेघ दिसली पाहिजे. काही घड्याळात बरोबर सहा वाजता तास काटा सहाच्या जरा अलीकडेच उभा असतो, तो कायम तसाच राहणार, आणि एकदा दिसलं की मग रोज तेच दिसतं. सेकंद काटा खुणेवर पडतो का तेही बघा, निदान बारा, तीन, सहा, नऊला. स्वस्त क्वार्ट्झमध्ये थोडं इकडेतिकडे असतंच, पण दोन खुणांच्या बरोबर मध्ये पडत असेल तर दुसरा पीस काढायला सांगा. ऑनलाइन घेतलंत तर रिटर्नची मुदत संपायच्या आत हे सगळं घरी करा, नंतर करून उपयोग नाही.

रंगाचं कोणी बोलत नाही म्हणून बोलते. पांढऱ्या डायलवर चकचकीत चंदेरी काटे फोटोत फार क्लासी दिसतात, पण ट्यूबलाइटखाली काटा गायब होतो, हात हलवून हलवून वेळ शोधावी लागते. पांढऱ्यावर काळे किंवा निळे काटे घ्या, काळ्यावर पांढरे. परीक्षेला नेणार असाल तर मिनिटाच्या खुणा असलेलीच डायल घ्या, नुसत्या चार रेघांवर अकरा वाजून सतरा झालेत की एकोणीस हे कळत नाही आणि शेवटच्या दहा मिनिटांत तेच कळायला हवं असतं.

साइजसाठी मनगटाला दोरा गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. माझं मनगट १५ सेंटिमीटर, मला ३४-३६ मिलिमीटर छान बसतं, १७-१८ सेंटिमीटरवाल्यांनी ३८-४० पर्यंत जावं. साध्या डायलचं घड्याळ असतं त्यापेक्षा मोठं दिसतं, कारण सगळीकडे मोकळी जागाच असते, त्यामुळे शंका आली तर लहान घ्या. नुसता व्यास बघू नका, पट्टा अडकवायच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी मनगटाच्या रुंदीबाहेर जाता कामा नये, नाहीतर मनगटावर बशी ठेवल्यासारखं दिसतं. आणि बायकांनो, 'लेडीज'चा कप्पा सोडून द्या. तिथे २४ मिलिमीटरची डायल, तीत चार खडे आणि एक फुलपाखरू. मी कायम जेन्ट्समधलं सगळ्यात लहान बघते, कोणी काही म्हणत नाही.

पाण्याचं थोडक्यात. '३० मीटर' म्हणजे तीस मीटर खोल पाण्यात चालतं असं नाही, हात धुताना चार थेंब उडाले तर चालेल एवढाच अर्थ. पोहायचं असेल तर १०० मीटरवालं बघा. गरम पाण्याची अंघोळ कुठल्याच घड्याळाला नको, आतलं रबर खराब होतं. काचेच्या आत वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात पुरून बसू नका, त्याच दिवशी उघडून घ्या कोणाकडून तरी, आत गंज धरला की संपलं.

पट्ट्याला लेदर दिसायला बेस्ट पण जुलैमध्ये कपाटात ठेवून बघा, आठवड्यात पांढरी बुरशी. मी पावसाळ्यात नायलॉन लावते, धुता येतो, वाळतो. त्यासाठी पट्ट्याची रुंदी आधीच बघून ठेवा, १८ किंवा २० मिलिमीटर असेल तर पट्टे कुठेही मिळतात, १९ असेल तर शोधत फिरावं लागतं, आणि काहींचा पट्टा केसच्या खाचेत बसणारा असतो त्याला बाजारातला साधा पट्टा बसतच नाही.

सेलवर मात्र कंजूषी नको. बऱ्याच साध्या घड्याळात एसआर ६२६ एसडब्ल्यू लागतो, यालाच ३७७ पण म्हणतात, हा सिल्व्हर ऑक्साइडचा. त्याच मापाचा अल्कलाइन सेल एलआर ६२६ किंवा एजी ४ नावाने एकदम स्वस्तात मिळतो आणि स्टेशनबाहेर बऱ्याचदा तोच घालून देतात. तो लवकर उतरतो आणि लीक व्हायची भीती जास्त. माझं एक चांगलं घड्याळ असंच गेलं, उघडलं तर आत पांढरी-हिरवी पूड. तेव्हा समोर उभं राहून सेलवरची अक्षरं वाचून घ्या. काही मशीनमध्ये सेल संपत आला की सेकंद काटा दोन-दोन सेकंदांची उडी मारतो, ते बिघाड समजू नका, इशारा आहे. घड्याळ बंद पडलं तर सेल काढून ठेवा, आत राहू देऊ नका.

आता घ्यायचं कुठलं. हजाराच्या आसपास असाल तर कॅसिओचं एमक्यू २४, प्लास्टिक केस, ३५ मिलिमीटरच्या आतबाहेर, वजन जेमतेम २० ग्रॅम, हातात आहे हे विसरायला होतं. काच ॲक्रिलिकची, चरे पडतात पण फुटत नाही. त्याच्या आसपास सिटिझनच्याच घरातलं क्यू अँड क्यू, आणि टायटनचं सोनाटा, सोनाट्यात साध्या डायल शोधाव्या लागतात पण असतात. दोन हजारांकडे गेलात तर टायमेक्स, कॅसिओची एमटीपी सिरीज, टायटनची साधी मॉडेलं. मात्र नाव कुठलंही असलं तरी मॉडेल मॉडेलमध्ये फरक असतो, झाकण वाचाच.

घेतल्यावर वेळ लावताना सेकंद काटा बारावर आला की चावी ओढा, मिनिट काटा चार-पाच मिनिटं पुढे नेऊन मग मागे आणून खुणेवर ठेवा, आणि मोबाइलवर मिनिट बदललं की चावी आत दाबा. तारीख असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन-चारच्या मध्ये बदलू नका, तेव्हा आतले दाते तारीख फिरवायच्या तयारीत असतात.

भाच्याने शेवटी एमक्यू २४ घेतलं, पांढरी डायल, काळे आकडे, आणि उरलेल्या पैशात मित्रांबरोबर मिसळ खाऊन आला. रविवारी घरी आला तेव्हा मी त्याचा हात ओढून बघितला, सेकंद काटा खुणेच्या किंचित पुढे पडतोय. तो म्हणतो मावशी मला काही दिसत नाहीये.