शुद्ध राहायचंय? आधी चार्जर हलवा

माझी घसरण रात्री अकरानंतर व्हायची. दिवसभर उपासना, गाणी, सगळं ठीक. अंथरुणात पडलं की फोनवर अंगठा नको त्या अश्लील गोष्टींकडे सरकायचा. वर्षभर मी "प्रभू, बळ दे" म्हणत राहिलो आणि फोन मात्र उशाखालीच! बायबलमधल्या योसेफाचं बघा. त्याच्या मालकाच्या, पोटीफराच्या बायकोने त्याला मोहात पाडायला वस्त्र धरलं, तर ते तिच्याच हातात टाकून तो पळाला (उत्पत्ती ३९:१२). प्रेषित पौलही करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात अशा पापापासून पळायलाच सांगतो.

तेव्हा आपली घसरायची वेळ आणि जागा आधी कागदावर लिहा. माझ्या कागदावर एकच ओळ होती: रात्री अकरानंतर, अंथरुणात. चार्जर बाहेरच्या खोलीत नेला, उशाशी गजराचं साधं घड्याळ ठेवलं. पहिले काही दिवस झोप लागेना, हात उगाच चाचपडायचा.

रिकामा झालेला वेळ भरावा लागतो, नाहीतर मन जुनंच उकरून काढतं. स्तोत्र ११९ चे आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत. मी रोज एक मोठ्याने वाचतो.

मग एक माणूस गाठा, पुरुषाने पुरुष, बाईने बाई. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे, पण आपण ते सोयीस्कर विसरतो. मंडळीतले (चर्चमधले) एक वडीलधारे मला दर शनिवारी विचारतात, "या आठवड्यात काय पाहिलंस?" मोघम उत्तर चालत नाही.

पडलात तर त्याच रात्री देवाजवळ कबूल करा (१ योहान १:९). मी लाजेने दोन-तीन दिवस प्रार्थनाच टाळायचो, आणि तेवढ्यात पुन्हा पडायचो.