लॅनचे कनेक्शन सारखे तुटते? विंडोज फॉरमॅट करण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात मी नेटवर्कची कामे करतो, आणि "वायर जोडलेली असूनही नेट मध्येच जाते" ही तक्रार माझ्यापर्यंत पोहोचते तोवर बहुतेकांनी राउटर बदललेला असतो, विंडोज नव्याने टाकलेले असते आणि इंटरनेट देणाऱ्याशी भांडणही झालेले असते. केबलची दोन टोके मात्र कोणी हातात घेऊन पाहिलेली नसतात.

पहिली चूक म्हणजे दोष घरातला की बाहेरचा, हे न ठरवताच दुरुस्तीला लागणे. कमांड प्रॉम्प्टच्या (विंडोजमध्ये आज्ञा टाइप करण्याच्या) दोन खिडक्या उघडाव्यात, एकीतून राउटरच्या पत्त्याला (पुष्कळदा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो) आणि दुसरीतून ८.८.८.८ या इंटरनेटवरील गुगलच्या पत्त्याला सतत पिंग लावावा (म्हणजे उत्तर येते का, हे पाहणारा छोटा संदेश पाठवत राहावा) आणि नेट तुटण्याची वाट पाहावी. राउटरकडूनच उत्तर येईनासे झाले, तर दोष संगणक, केबल आणि राउटर या तिघांतच शोधायचा. राउटर उत्तर देत राहिला आणि फक्त बाहेरचे थांबले, तरच कंपनीला फोन करायचा. त्याच वेळी संगणकामागच्या पोर्टचा दिवा विझतो का, हेही पाहावे. या तपासणीला कधी अर्धा तासही लागतो आणि तेवढा धीर नसलेले लोक थेट फॉरमॅट करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यात माणसाचा दिवस जातो आणि दोष जागच्या जागी राहतो.

दुसरी चूक कनेक्टरमधील, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लगमधील, तारांच्या रंगांच्या क्रमाची. केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ दिलेल्या अशा चार जोड्या. शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्यात हिशेबाच्या खोलीतला संगणक सकाळी नीट चाले आणि मागे वेल्डिंग सुरू झाले की तुटू लागे. राउटर दोनदा बदलून झाला होता. राउटरला लावलेल्या पिंगची उत्तरेच गळत होती, म्हणून मी तो संगणक उचलून राउटरशेजारी ठेवला आणि माझ्या पिशवीतल्या दीड मीटरच्या केबलने जोडला; वेल्डिंग चालू असतानाही दोन तासांत एकही उत्तर चुकले नाही. म्हणजे दोष भिंतीतून गेलेल्या चाळीसेक मीटर केबलमध्येच होता. ती ओढणारा मुलगा म्हणाला, "सर, टेस्टरवर आठच्या आठ दिवे लागत्यात की." ते खरेच होते. पण त्याने नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने बसवल्या होत्या, आणि दोन्ही टोकांना तोच क्रम असल्याने टेस्टरला त्यात काही वावगे दिसणे शक्यच नव्हते.

कनेक्टरमधील तीन आणि सहा क्रमांकाच्या पिना मिळून एक जोडी होते. ओळीने रंग लावले की तीनवर हिरव्या जोडीची तार येते आणि सहावर निळ्या जोडीची, म्हणजे एकमेकींना पीळ नसलेल्या दोन तारा एक संदेश वाहू लागतात. बाहेरचा विद्युत गोंधळ जोडीतील दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि पलीकडच्या टोकाला दोन तारांमधला फरक काढताना तो वजा व्हावा, यासाठीच तो पीळ असतो. छोट्या केबलवर ही चूक खपून जाते. लांब केबलवर, वेल्डिंगच्या शेजारी, ती खपत नाही. मी दोन्ही टोके कापली आणि पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी या क्रमाने, पीळ अर्ध्या इंचाहून जास्त न उलगडता, नवे कनेक्टर बसवले. त्याच केबलवर तो संगणक पुढे नीट चालला. टेस्टरचे दिवे बघून काम संपवणाऱ्या प्रत्येक शिकाऊ मुलाला मी हे कनेक्टर भिंगातून दाखवतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. कनेक्टरची खिट्टी तुटली असेल तर चिकटपट्टी लावू नये, कनेक्टरच बदलावा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल घेऊ नये. ती वाकवताना तुटते. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर आहे. गिगाबिटला (१००० एमबीपीएस वेगाला) चारही जोड्या लागतात, म्हणून वेग अचानक १०० एमबीपीएसवर आला तर एखादी तार तुटली असल्याचा संशय घ्यावा. हाताने वेग ठरवून देणे हा उपाय नव्हे, कारण समोरचे टोक स्वयंचलित राहिले तर ते हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने संदेश, अशा पद्धतीवर) जाते आणि त्रास वाढतो. संगणकाने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतला असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी नेटवर्क कार्ड बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती खूण मी प्रत्येक डेस्कटॉपवर काढून टाकतो.

गच्चीवरून केबल आणलेल्यांनी आमच्याकडचा पाऊस लक्षात ठेवावा. घरातली साधी केबल बाहेर टिकत नाही. बाहेरच्यासाठीची काळ्या आवरणाची घ्यावी, आणि खिडकीच्या भोकातून आत घेण्याआधी तिला भोकाच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी केबलवरून आत न येता त्या झोळावरून बाहेरच ठिबकते.