मोकॅप करताय? या चुका टाळा

सूट घातलेला नट दोन पावलं चालतो आणि त्याच क्षणी पडद्यावर राक्षस चालू लागतो, तेव्हा सगळा स्टुडिओ टाळ्या वाजवतो. आठवड्याचं काम पाच मिनिटांत झालं, असं वाटतं. मोशन कॅप्चरमधल्या (म्हणजे मोकॅप: सूटवरच्या मार्कर नावाच्या खुणांनी किंवा सेन्सरने नटाची हालचाल टिपून ती पात्राला देणं) बऱ्याचशा चुका याच आनंदाच्या भरात होतात.

पात्र न बघता मोकॅप ठरवणं

वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाणं, नाच, झटापट, बोलता बोलता अडखळणारा हात, हे मोकॅप छान पकडतो. 'हॅपी फीट'मध्ये (2006) पेंग्विनच्या नाचासाठी सेव्हियन ग्लोव्हर या टॅप नर्तकाची पावलं टिपली होती. पायांचा तो ताल हाताने फ्रेम-फ्रेम उभा करायला घेतला असता तर अॅनिमेटर रडकुंडीला आले असते. पण रबरासारखं ताणलं-दबलं जाणारं पात्र असेल, तर सूट कपाटातच राहू द्या. 'रॅटाटुई'च्या (2007) श्रेयनामावलीत तर या चित्रपटात मोशन कॅप्चर अजिबात नाही, असा शिक्काच मारला होता. थोडा खोडसाळपणा होता, पण मुद्दा कळतो.

नटाचं माप पात्राच्या गळ्यात घालणं

सर्वात जास्त वेळ खातं ते रीटार्गेटिंग, म्हणजे नटाची हालचाल वेगळ्या मापाच्या पात्रावर बसवणं. पात्राचं डोकं मोठं, पाय आखूड, पोट सुटलेलं. नट हनुवटी खाजवतो आणि पात्राचा हात थेट गालातून आत जातो. नटाला शूटिंगच्या वेळीच पोटाला उशी बांधा. तो आपोआप हात लांब ठेवून वावरतो. हे सॉफ्टवेअरमध्ये निस्तरायला दिवस लागतात.

पाय घसरण्याचंही मूळ हेच. पाऊल जमिनीवर टेकलेलं असतं, तरी पात्र बर्फावरून चालल्यासारखं सरकतं. नवखा माणूस लगेच आयके (पावलाची जागा ठरवली की पायाचे सांधे आपोआप वळवणारी सोय) लावून पाऊल खिळवतो, मग गुडघा फटकन सरळ होतो आणि चाल लंगडी दिसते. आधी कंबरेचा प्रवास पायांच्या लांबीच्या प्रमाणात कमी-जास्त करा. पात्राचे पाय नटाच्या निम्मे असतील तर तेवढ्याच पावलांत अंतरही निम्मंच कापलं गेलं पाहिजे. उरलेली घसरण मग खिळवा.

राक्षसाचं उलट. लंबकासारखाच हिशेब: उंची चौपट, तर हालचालीला वेळ दुप्पट. पण टेक नुसता संथ चालवलात तर ते स्लो मोशन दिसतं, वजन दिसत नाही. नटाच्या मनगटांना नि घोट्यांना वजनं बांधून त्याला सावकाश चालायला लावा, मग वेळेची उरलेली जुळणी करा.

थरथर दिसली की फिल्टर मारणं

ही चूक मला सर्वात जास्त खटकते. पूर्ण टेकवर स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं फिल्टर) चढवलं की थरथर जाते आणि तिच्यासोबत जीवही जातो. टेबलावर हात आपटण्याचा शॉट घ्या. हात वेगात येतो आणि एका-दोन फ्रेममध्ये थांबतो. फिल्टरने तो कोपरा गोल केला, की हात उशीवर पडल्यासारखा दिसतो.

आधी कारण शोधा. कोपर अचानक उडी मारतंय? बहुधा दोन मार्करची अदलाबदल झालीय. मार्करांची लेबलं दुरुस्त करा. मनगट एका फ्रेमसाठी गर्रकन फिरतंय? कर्व्ह (हालचालीचा आलेख) उघडून बघा, कोनाचा आकडा 180 वरून उणे 180 अंशांवर गेला असेल. तिथे स्मूदिंग नको, कोनांमधल्या अशा उड्या काढणारं यूलर फिल्टर लावा. मार्कर झाकला गेला असेल तर तेवढ्याच फ्रेम हाताने भरा. कॅमेऱ्याविना चालणाऱ्या सेन्सर सूटमध्ये पात्र हळूहळू जागा सोडत असेल, तर जवळपास लोखंडी सामान आहे का बघा आणि टेकच्या मध्ये पुन्हा कॅलिब्रेट करा.

डोळे डेटावर सोडणं

'द पोलर एक्सप्रेस'मधल्या (2004) पात्रांच्या निर्जीव डोळ्यांवर खूप टीका झाली. त्याच दिग्दर्शकाच्या 'बेओवुल्फ'साठी (2007) नटांच्या डोळ्यांभोवती सेन्सर लावून बुबुळांची हालचाल टिपायचा प्रयत्न झाला. माझं मत स्पष्ट आहे: डोळे हाताने करा. नट समोरच्या काठीवरच्या चेंडूकडे बघून बोललेला असतो, दृश्यात तिथे चेंडूपेक्षा हातभर उंच पात्र उभं असतं आणि नजर त्याच्या छातीवर जाते. शिवाय नजर एका जागेवरून दुसरीकडे तरंगत जात नाही, दोन-तीन फ्रेममध्ये उडी मारते. ती उडी गेली की माणूस झोपेत चालल्यासारखा वाटतो.

बाकी किरकोळ: प्रत्येक टेकच्या सुरुवातीला आणि शेवटी टी-पोझ (हात दोन्ही बाजूंना आडवे पसरून सरळ उभं राहणं) घ्या, आणि साधा व्हिडिओ कॅमेरा चालू ठेवा. बोटं नक्की काय करत होती, हे महिन्यानंतर कोणालाच आठवत नाही.

आणि बदल नेहमी वेगळ्या लेयरवर करा, मूळ टेकला हात लावू नका. तीन आठवडे घासूनपुसून झाल्यावर "पहिलंच बरं होतं," असं दिग्दर्शक म्हणतोच.