पावसाळ्यात हत्तीचा पाय पिकला तर काय करायचं

सांभाळातला हत्ती आपल्या कोकणात जून-जुलैत आजारी वाटला की पहिला संशय पायावर घ्यायचा. चिखल, मूत, त्यात दिवसरात्र चिऱ्यांवर नायतर सिमेंटवर उभं राहणं, तळवा मऊ पडून भेगा जातात, एखादा खडा घुसतो नि आत पू धरतो. हत्ती लंगडेलच असं नाही, पण एकाच पायावरचा भार सारखा काढून घेतो, सोंडेने तोच पाय चाचपतो. मी सकाळी आधी नखं बघतो. हत्तीच्या घामाच्या ग्रंथी नखांच्या वरच्या कडेला असतात, ती कड ओलसर असली तर ठीक, सुकी दिसली तर डॉक्टरांना फोन.

फोनवर डॉक्टर काय विचारणार ते आधीच बघून ठेवा. ताजी लीद पडली रे पडली की गोळ्याच्या मधोमध थर्मामीटर खुपसायचा, साधारण 97 ते 99 फॅरनहाइट म्हणजे ताप नाही. मोठा हत्ती दिवसाला 100 लिटरच्या वर पाणी पितो, म्हणून बादल्या मोजा. आणि दिवसभर लीदच झाली नसेल तर पाय राहू दे बाजूला, ते आधी सांगा, पोट अडकलंय. छातीचा घेर टेपने मोजून ठेवलात तर वजनाचा अंदाज येतो, औषधाचा डोस त्यावरच ठरतो, अंदाजाने काही देऊ नका.

पू डॉक्टरच काढणार, आपण चाकू लावायचा नाही. आपलं काम शेक. अर्धा कापलेला पिंप, कोमट पाणी, त्यात फिकट गुलाबी होईल एवढंच पोटॅशियम परमँगनेट, सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवून ठेवायचा, मग नीट कोरडा करायचा. हत्तीची कातडी जाड, जखम वरून मिटते नि आत पू तसाच राहतो, म्हणून वरून छान दिसतंय म्हणून शेक बंद केला की आठवड्याने परत तेच, फक्त खोलवर.

जागा सगळ्यात महत्त्वाची, नि नेमकी तीच राहून जाते. मांगरात, म्हणजे हत्ती बांधायच्या छपराखाली, नदीची वाळू जाड पसरा, एका बाजूला उतरता ढीग करा. पाय दुखणारा हत्ती आडवा पडायला घाबरतो कारण उठता येत नाही, ढिगाला टेकून तरी झोपतो बिचारा. पण पडला नि उठेचना, तर स्वतःच्याच वजनाने फुफ्फुसं दाबली जातात, रात्रीचे दोन वाजलेले असोत, डॉक्टरांना उठवा.

कडू गोळ्या तो थुंकतो. नाचणीच्या पिठाचे गूळ घालून गोळे करा, पहिले दोन रिकामे, तिसऱ्यात औषध, वर लगेच चौथा रिकामा. खायला भेरल्या माडाच्या (माडासारखं एक रानटी झाड) झावळ्या, वडाचा पाला, केळीचे गाभे. जवळचा कुणी खोकत असेल तर त्याला आधी टीबीची तपासणी करायला लावा, माणसाचा टीबी हत्तीला होतो.

(हे सगळं माणसाळलेल्या हत्तीचं हां. 2002 पासून सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे कर्नाटकातून रानटी हत्ती येतायत, तसला लंगडताना दिसला तर जवळ जायचं नाही, वनखात्याला कळवायचं.)

बरं होताना आधी झोप परत येते, मग भूक. नखांची कड ओलसर दिसायला लागली की डॉक्टरांना विचारून शेक दोनचा एक करा, आणि पहिला फेरफटका वाळूतूनच, डांबरी रस्त्यावर अजून नको.