म्यूझस्कोअर ४ मध्ये पियानोचे क्रॉस-स्टाफ बीम

म्यूझस्कोअर ४ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डाव्या हातातून उजव्या हातात धावणारा आर्पेजिओ (एकामागोमाग वाजणारे कॉर्डचे सूर) एकाच बीमखाली, म्हणजे नोट्सच्या दांड्या जोडणाऱ्या जाड पट्टीखाली, लिहायचा असला की बहुतेक जण आधी बीमच माउसने ओढायला घेतात. त्या वेळी तो जागेवर बसतो, पण पुढे लेआउट हलला की सगळी मेहनत पाण्यात जाते. खरी अडचण बहुतेक वेळा जागेची असते. म्हणून आधी नोट्स लिहा, मग वरच्या आणि खालच्या स्टाफमधलं (पाच रेघांच्या दोन ओळींमधलं) अंतर ठरवा आणि बीमला सगळ्यात शेवटी हात लावा.

२/४ चा एक बार घेऊ. त्यात सेमीक्वेव्हर आहेत, म्हणजे म्यूझस्कोअरच्या भाषेत सिक्स्टींथ. सी ३, जी ३, ई ४, सी ५ हे चार सूर दोनदा येतात, आणि मधला सी म्हणजे सी ४. आठही नोट्स वरच्या स्टाफवर, व्हॉइस १ मध्ये (एका स्टाफवरच्या स्वतंत्र ओळींपैकी पहिलीत) लिहा. सी ३ वरच्या म्हणजे ट्रेबल स्टाफखाली लेजर लाइन्सवर (स्टाफबाहेरच्या छोट्या जादा रेघांवर) लोंबकळेल, तो लोंबकळू द्या. मग नोट इनपुटमधून बाहेर या, कंट्रोल दाबून खालचे चारही सूर, म्हणजे दोन्ही वेळचे सी ३ आणि जी ३, निवडा आणि कंट्रोल + शिफ्ट + डाउन ॲरो दाबा. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. नोट्स खाली जातात, तिथली क्लेफ (कोणती रेघ कोणता सूर हे ठरवणारी खूण) घेतात आणि बीम अखंड राहतो. परत वर न्यायच्या तर तेच अप ॲरोने.

काहीच हललं नाही, तर इन्स्ट्रुमेंट तपासा. पियानो हे एकच वाद्य म्हणून घेतलेलं हवं. दोन वेगळी वाद्यं ब्रॅकेटने जोडलेली असतील तर नोट एकीकडून दुसरीकडे जात नाही.

खाली सरकलेली नोट दिसते खालच्या स्टाफवर, पण ती असते वरच्याच स्टाफच्या व्हॉइसमध्ये. खालचा बार निवडून कॉपी केलात तर ती सोबत येत नाही. खाली पूर्ण बारची रेस्टही (विरामाची खूण) तशीच उरते. ती निवडून व्ही दाबून लपवा. खाली बासचे लांब सूरही असतील तर ते व्हॉइस १ ऐवजी व्हॉइस २ मध्ये लिहा, म्हणजे त्यांचे स्टेम (नोटेच्या दांड्या) खाली जातील आणि बीमकडे येणारे स्टेम मोकळे राहतील.

आता जागा. दोन शेजारच्या रेघांमधलं अंतर म्हणजे एक स्पेस. बीमची जाडी साधारण अर्धी स्पेस आणि दोन बीममधली फट पाव स्पेस, म्हणजे सेमीक्वेव्हरचा दुहेरी बीम सव्वा स्पेस खातो. दोन्ही बाजूंना स्टेमचा निदान अडीच स्पेस भाग उघडा दिसायला हवा. बेरीज झाली सव्वासहा. आपल्या उदाहरणात खालचा सर्वांत उंच सूर जी ३, बेस स्टाफच्या वरच्या रेघेखाली अर्धी स्पेस. वरचा सर्वांत खालचा सूर ई ४, ट्रेबलच्या तळच्या रेघेवर. म्हणजे दोन स्टाफमध्ये पावणेसहा स्पेस पुरतात. पण जीऐवजी मधला सी खालच्या स्टाफवर आला, तर तो वरच्या रेघेच्याही एक स्पेस वर बसतो आणि गरज सव्वासातवर जाते. डेमीसेमीक्वेव्हरच्या (थर्टी-सेकंडच्या) तिहेरी बीमला आणखी पाऊण स्पेस धरा.

हे अंतर सगळ्या पानांवर हवं असेल तर फॉरमॅट, स्टाइल, पेज इथे ग्रँड स्टाफचं (पियानोच्या जोडलेल्या दोन स्टाफमधलं) अंतर वाढवा. एकाच ओळीपुरतं हवं असेल तर लेआउट पॅलेटमधला स्टाफ स्पेसर वरच्या स्टाफला लावा आणि गरजेइतका ओढा. आमच्या मते दुसरा मार्ग चांगला, कारण बाकीची पानं उगाच विरळ होत नाहीत.

एवढं झाल्यावर बीम बहुधा आपोआप मध्ये येतो. तिरका वाटला तर तो निवडून प्रॉपर्टीजमध्ये फोर्स हॉरिझॉन्टल करा. सूर खाली-वर उड्या मारत असतील तर आडवा बीमच वाचायला सोपा. फक्त एकाच दिशेने चढणाऱ्या गटाला हलका उतार शोभतो. दहा-बारा नोट्सपैकी एखादीच दुसऱ्या स्टाफवर जात असेल, तर बीम मध्ये आणण्याचा हट्ट नको. तो वर किंवा खाली ठेवून त्या एका नोटेला लांब स्टेम द्या.

आठही नोट्स एका बीमखाली हव्या असतील तर पाचवी नोट निवडून प्रॉपर्टीजमधलं जॉइन बीम्स वापरा. त्यापेक्षा तिथेच आतला बीम तोडून आठव्या भागाचा, म्हणजे क्वेव्हरचा, एकच बीम जोडलेला ठेवणं बरं. वाजवणाऱ्याला बीट लगेच दिसतो.

एक दोष पटकन ध्यानात येत नाही. खालच्या नोटेचा स्टेम डोक्याच्या उजवीकडून वर निघतो, वरच्या नोटेचा डावीकडून खाली. त्यामुळे नोट्स समान अंतरावर असल्या तरी खालून वर जाताना दोन स्टेम जवळ येतात आणि वरून खाली येताना लांब पडतात. फरक दर वेळी साधारण एका नोटहेडच्या रुंदीचा. गट वेडावाकडा वाटला तर नोट निवडून अपिअरन्समधला लीडिंग स्पेस थोडा बदला. पूर्ण फरक भरून काढू नका, नाहीतर नोटहेड विषम अंतरावर दिसतात. अर्धा भरलात की दोन्ही बाजूंनी चालून जातं.

अ‍ॅक्सिडेंटल, म्हणजे शार्प-फ्लॅटसारख्या खुणा, सगळ्यात शेवटी, एकेक बार पाहून तपासा. वरच्या स्टाफवरचा शार्प खालच्या स्टाफला लागू होत नाही. तोच एफ शार्प त्याच बारमध्ये खाली आला आणि खूण दिसली नाही, तर पॅलेटमधून लावा.