हलकं पेस्टो ड्रेसिंग: आधी बर्फ लावा

आदल्या रात्रीच फ्रीजरमध्ये बर्फाचे दोन ट्रे भरून ठेवा. बाकी सगळं ऐन वेळी जमतं, बर्फ जमत नाही. गेल्या वेळी ट्रे रिकामे निघाले, बेसिलची (इटालियन तुळशीची) उकळलेली पानं नळाखाली धरली आणि वाटीत खाकी रंगाचा लगदा आला. मे महिन्यात नागपुरात गच्चीवरच्या टाकीचं पाणी म्हणजे अर्धा चहा झालेला असतो. माठाचं पाणीही पुरत नाही, करून पाहू नका. बर्फच.

कारणही ऐका. इटलीतल्या जिनोव्हाच्या मूळ पेस्टोत, म्हणजे बेसिलच्या चटणीत, पानं उकळत नाहीत. संगमरवरी खलात कुटतात आणि वर सढळ ऑलिव्ह ऑइल. ते तेल पानाला हवा लागू देत नाही. आपण तेल कापतो (एका मोठ्या चमच्यात जवळपास १२० कॅलरी, म्हणून अर्ध्या वाटीऐवजी एकच चमचा), मग वाटलेलं पान उघडं पडतं आणि काळवंडतं. हे काळवंडणं ज्या एन्झाइममुळे होतं, ते उकळत्या पाण्यात १०-१५ सेकंदांत निकामी होतं. पण पाण्याबाहेर काढलं तरी पान आतल्या आत शिजत राहतं. म्हणून पातेलं गॅसवर चढवायच्या आधी बर्फाच्या पाण्याचं भांडं शेजारी तयार हवं. नंतर नाही, आधी.

बेसिल सकाळीच आणा, दोन घट्ट मुठी. गोकुळपेठच्या बाजारात मिळालं नाही तर अंगणातली तुळस खुडू नका, काढा होईल. थोडा सांभार (कोथिंबीर) मिसळला तर चालतो, मला तर आवडतो. जुडी फ्रीजमध्ये कोंबू नका, थंडीने काळे डाग पडतात. देठं पेल्यातल्या पाण्यात उभी ठेवा. हो, कच्च्या पानाला थंडी सोसत नाही आणि उकळलेल्याला बर्फ लागतो. असंच आहे ते.

दही रात्रीच फडक्यात बांधून फ्रीजमध्ये टांगा. ओट्यावर टांगलं तर सकाळपर्यंत आंबट ढाण. तीन मोठे चमचे चक्का पुरे. मूळ पेस्टोतल्या चिलगोझ्यांचा (पाइन नट्सचा) भाव विचारून परत या आणि दोन चमचे भाजलेले शेंगदाणे किंवा अक्रोड घ्या. शेंगदाणे पूर्ण गार झालेले हवेत. लसणाची एकच पाकळी. घरात कोणी कट्टर शाकाहारी असेल तर पार्मेजान चीज घेताना पाकिटावर हिरवा ठिपका आहे का पाहा. मूळ इटालियन पार्मेजानमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं एन्झाइम) असतं. मीठ, लिंबू घरात असतंच.

मिक्सरचं भांडं तासभर फ्रीजमध्ये. पानं १०-१५ सेकंद उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग काढून घट्ट पिळा, फडक्यावर टिपा, नाहीतर ड्रेसिंगचं वरण होईल. आधी दाणे-लसूण, मग पानं, चीज, तेल. थांबत थांबत फिरवा, मिक्सर तापला की रंग गेला, आणि इथवर येऊन रंग गेला तर बर्फ लावून उपयोग काय! चक्का हाताने फेटून घाला, मिक्सरमध्ये पातळ होतो. लिंबू वाढताना, आंबटाने हिरवा रंग हळूहळू मळतो.

दाट वाटलं तर चमचाभर गार पाणी. मीठ शेवटी, चीज खारट असतं. काकडी, उकडलेले चणे, काहीही. उरलं तर झाकून फ्रीजमध्ये, दोन दिवसांत संपवा. आणि ट्रे पुन्हा भरून ठेवा.