मसल कारचा कार्बोरेटर: निवडताना आणि ट्यून करताना या चुका टाळा

शेव्हर्लेचं साधं ३५० घन इंचाचं इंजिन, वर ७५० सीएफएमचा (मिनिटाला ७५० घनफूट हवा सोडणारा) हॉली कंपनीचा डबल पंपर, म्हणजे मागची दोन भोकंही पायाने थेट उघडणारा कार्बोरेटर, आणि मालकाची एकच तक्रार: "सिग्नलवरून गाडी उठतच नाही." जुन्या कॅमेरो आणि शेव्हेल या शेव्हर्लेच्या मसल कारवाल्यांमध्ये ही जोडी वारंवार भेटते. कार्बोरेटर बिचारा चांगला असतो, चुकीच्या इंजिनवर बसलेला असतो एवढंच.

हिशेब करून बघा. इंजिनचे घन इंच गुणिले कमाल आरपीएम, भागिले ३४५६. ३५० इंजिन ५५०० आरपीएमपर्यंत नेलं तर उत्तर येतं ५५७ सीएफएम, तेही सिलिंडर शंभर टक्के भरले तर. रस्त्यावरचं इंजिन ८५ टक्क्यांच्या आसपास भरतं, म्हणजे खरी गरज पावणेपाचशेच्या घरात. ६०० चा कार्बोरेटर इथे पुरून उरतो. भोक मोठं असलं की हवेचा वेग पडतो, व्हेंचुरीत, म्हणजे आतल्या अरुंद गळ्यात, ओढ राहत नाही आणि खालच्या आरपीएमला पेट्रोल नीट उचललं जात नाही.

यावर ठरलेला प्रतिवाद असतो: "कंपनीनेच १९६९ च्या कॅमेरो झेड/२८ ला ७८० चा हॉली दिला होता, तोही ३०२ इंजिनवर!" दिला होता, खरंय. पण ते इंजिन ट्रान्स-ॲम शर्यतीच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसावं म्हणून बनवलेलं. सॉलिड लिफ्टरचा कॅम, फक्त चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, आणि खरी मजा वरच्या आरपीएमला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जड गाडीने त्याची बरोबरी करायला जाऊ नये. अशा गाडीला व्हॅक्यूम सेकंडरीच बरी: तिची मागची दोन भोकं पायाने नाही, हवेच्या ओढीने उघडतात. डबल पंपर हलक्या, मॅन्युअल आणि मागच्या ॲक्सलला ३.७३ किंवा त्याहून जास्त गिअर रेशो असलेल्या गाडीला शोभतो.

व्हॅक्यूम सेकंडरी घेतल्यावर पुढचा गैरसमज होतो. लोक न्यूट्रलमध्ये रेस करून बघतात, मागच्या दोन भोकांची पाती हलत नाहीत, आणि कार्बोरेटर खराब ठरवून मोकळे होतात. लोड नसताना इंजिन तेवढी हवा ओढतच नाही, मग ती पाती उघडणार कशी? तपासायचंच असेल तर सेकंडरीच्या डायफ्रामच्या दांडीवर कागदाची क्लिप अडकवा, ती वर डायफ्रामच्या डबीला टेकवा आणि मोकळ्या रस्त्यावर एकदा पूर्ण थ्रॉटल देऊन या. क्लिप जितकी खाली सरकली, तितकी सेकंडरी उघडली. कमी उघडत असेल तर हलकी स्प्रिंग टाका. हॉलीच्या किटमध्ये पांढरी सगळ्यात नरम, काळी सगळ्यात कडक.

आता ट्यूनिंग. टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) न बघता मिक्स्चर स्क्रूला, म्हणजे आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूला, हात लावणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. डिस्ट्रिब्युटर मागे राहिला, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तर आयडल (पाय न दाबता इंजिनचा वेग) पडतो, मग माणूस आयडलचा स्क्रू आवळत जातो, आणि खरी भानगड तिथे सुरू होते. हॉलीत थ्रॉटलच्या पात्याजवळ एक बारीक उभी चीर असते, तिला ट्रान्स्फर स्लॉट म्हणतात. ॲक्सिलरेटर जरासा दाबताच या चिरेने पेट्रोल द्यायचं असतं. आयडलला ती पात्याखाली जेमतेम अर्धा मिलिमीटर दिसावी: जेवढी रुंद तेवढीच उंच, चौकोनी ठिपक्यासारखी. स्क्रू जास्त आवळला की पाती उघडी राहतात आणि चीर आयडललाच पेट्रोल ओतू लागते. मग मिक्स्चर स्क्रू कितीही फिरवा, इंजिन दाद देत नाही. शिवाय पाय दाबला की गाडी अडखळते, कारण चिरेकडे द्यायला काही उरलेलं नसतं.

म्हणून कार्बोरेटर उतरवा, उलटा धरा, चीर डोळ्यांनी बघा. मोठ्या कॅममुळे आयडलला जास्त हवा लागत असेल, तर ती सेकंडरीच्या स्टॉप स्क्रूने द्या, तो खालच्या बाजूने किंचित फिरवता येतो. सुरुवातीचं टायमिंग १० ते १४ अंश आणि एकूण ३४ ते ३६ हे साध्या ३५० ला सहसा मानवतं. मग व्हॅक्यूम गेज लावून दोन्ही मिक्स्चर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरी बाहेर काढा, तिथून सुरू करून पाव-पाव फेरी फिरवा, काटा सगळ्यात वर जाईल तिथे थांबा. स्क्रू आत घेताना जोर लावू नका, सुईला खाच पडते.

गेज लावलंच आहे तर पॉवर व्हॉल्व्हही बघून घ्या; व्हॅक्यूम त्याच्या आकड्याखाली गेला की तो उघडून जास्तीचं पेट्रोल देतो. आयडलला व्हॅक्यूम ६ इंच आणि व्हॉल्व्ह ६.५ चा असेल तर तो कायम उघडाच राहतो, प्लग काळे होतात, एक्झॉस्टला पेट्रोलचा वास येतो. आयडल व्हॅक्यूमच्या साधारण निम्म्या आकड्याचा व्हॉल्व्ह टाका. ऑटोमॅटिक असेल तर हे वाचन ड्राइव्हमध्ये घ्यायचं, चाकांना ओट लावून आणि ब्रेकवर कुणाला तरी बसवून.

अचानक पाय दाबल्यावर कार्बोरेटरमधून खोकल्यासारखा आवाज आला तर पेट्रोल कमी पडतंय, मागून काळा धूर आला तर जास्त होतंय. कमी पडत असेल तर इंजिन बंद ठेवून वरून बघा: थ्रॉटल हलताच ॲक्सिलरेटर पंपाची धार सुटली पाहिजे. क्षणभरही उशीर नको.

हॉलीऐवजी एडलब्रॉक किंवा जुना कार्टर एएफबी कार्बोरेटर असेल आणि तो वारंवार ओव्हरफ्लो होत असेल तर फ्लोटच्या आधी पंपाचं प्रेशर मोजा. साडेसहा पीएसआयच्या वर त्याची नीडल पेट्रोल अडवू शकत नाही.

अमेरिकेत पंपावर मिळणारं पेट्रोल आज बहुधा १० टक्के इथेनॉलचं असतं. १९६९ च्या मूळ जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकांवर) ते थोडं लीन, म्हणजे इंधन कमी पडून, चालतं, आणि गरम इंजिन बंद केल्यावर कार्बोरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या बाऊलमध्ये लवकर उकळतं. कार्बोरेटरखाली फिनॉलिक स्पेसर (उष्णता अडवणारी जाड चकती) टाकला की पुष्कळ फरक पडतो. मात्र टाकण्याआधी एअर क्लीनरवर मुलांच्या क्लेचा गोळा ठेवून बॉनेट हळूच लावा आणि गोळा किती चेपला ते बघा. स्पेसरच्या जाडीएवढीही जागा उरत नसेल, तर बुटका एअर क्लीनर आधी आणा.